नावाच्या डाव्या बाजूची जागा

९ जून २०२५, सोमवार

शिवप्रसादनं पेनड्राइव्ह ताटाशेजारी ठेवला. "वैनी, अण्णाची गाणी साफ करून आणल्यात. स्टुडिओवाला म्हणतोय, आता नुसतं कव्हर पाहिजे."

बरं म्हटलं. भात कालवला. जेवले.

शिवप्रसाद माझा धाकटा दीर. अण्णा म्हणजे सोमशेखर, माझा नवरा. त्याचा हा पहिला अल्बम. तो गेल्यावर निघणार — नाही. 'गेल्यावर' लिहायचं नाही. तो नाहीसा झाल्यावर. दोन वर्षांपूर्वी जुलैत चंदगडकडं भजनाच्या कार्यक्रमाला म्हणून गेला. पुलावर मोटरसायकल सापडली आणि तिच्याशेजारी चपला. नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती. बॅग नाही, एकतारी नाही, माणूस नाही. पोलिसांनी शोधलं, गावातल्या पोहणाऱ्या पोरांनी शोधलं. मग सगळे दमले.

भांडण झालं नव्हतं. लोकांना तेवढंच जाणून घ्यायचं असतं. सकाळी पोहे खाल्ले, परत मागून घेतले, आणि गेला.

कव्हर मीच करणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. बायको, आणि वर कॉलेजात टायपोग्राफी शिकवते. आयतीच सापडले. 'जमेल का' असं कुणी विचारलं पण नाही. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी प्रकाशन आहे म्हणे.

पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला. ऐकणार नाही. कव्हर करायला गाणं ऐकावं लागतं असं काही नाही.

११ जून, बुधवार

लक्ष्मीपुरीत हंबीररावांच्या भंगाराच्या दुकानात गेले. यंदा दुसऱ्या वर्षाला 'अल्बम कव्हर: चित्र आणि अक्षर' हा विषय घेतेय, त्यासाठी जुन्या कॅसेट पाहिजे होत्या. पोतंभर निघाल्या. हंबीरराव म्हणाले, "बाई, वाजवायला मशीन हाय का तुमच्याकडं?"

"नाही. मला नुसते आतले कागद पाहिजेत."

"आणि गाणी? ती काय करू, टाकू?"

"टाका."

माणूस माझ्याकडं बघतच राहिला.

घरी येऊन कागद जमिनीवर मांडले. भक्तिगीतांची कव्हरं जवळजवळ सगळी एका साच्यातली. मधे देव. देवामागं चक्र, चक्रामागं पिवळा उजेड. गायकाचा फोटो खाली कोपऱ्यात, लंबगोल चौकटीत, पासपोर्टचा असावा तसा. नाव जाड तिरप्या अक्षरांत, अक्षरांना काळी सावली, सावलीला परत पांढरी कड. हातभर मजकूर आणि चार बोटं जागा.

एका कव्हरावर थांबले. नावाचा उकार थेट देवाच्या पावलावर चढलाय. चित्र काढणारा वेगळा, अक्षरं काढणारा वेगळा. चित्रवाल्यानं जागा सोडली नाही, अक्षरवाल्यानं मागितली नाही. दोघांची आयुष्यात गाठच पडली नसेल. एका घरात राहूनही असं होऊ शकतं म्हणा.

१२ जून

काही केलं नाही. कपडे वाळत नाहीत.

१५ जून, रविवार

आज अव्वांनी विषय काढला. अव्वा म्हणजे सासूबाई, नीलम्मा. माहेर निपाणीच्या पलीकडचं, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. मी माहेरची कोल्हापुरातली, शुक्रवार पेठेतली, मास्तरांच्या घरातली. वीस वर्षं या घरात काढून मला कन्नड समजतं, पण वाचता येत नाही.

शेंगा फोडत बसल्या होत्या. "आवंती, कव्हरावर नाव कसं लिवणार हाईस?"

"सोमशेखर पट्टणशेट्टी."

"नुसतंच?"

"मग आणि काय?"

शेंगा फोडायचं थांबल्या. "लिं. घाल म्होरं."

इतर लोक कैलासवासी म्हणून नावाआधी 'कै.' लावतात. आमच्या लिंगायतात 'लिं.' लावतात — लिंगैक्य. जीव लिंगात एकरूप झाला. छान कल्पना आहे. छापायला एकाच अक्षराची जागा लागते, आणि एक टिंब.

अव्वाच पुढं बोलल्या. "मठात जाऊन स्वामींना इचारून आलेय. दोन वर्सं वाट बघितली, बास झालं म्हणाले. त्याच सोमवारी शिवगणाराधना करायची. पंगत बसवायची, जंगम बोलवायचे. माझ्या पोराला असं मधीच लटकत ठिवायचं न्हाय मला. तू शिकलेली हाईस, तुला कळंल."

शिवगणाराधना म्हणजे गेलेल्याच्या नावानं जंगमांना, आमच्या पुरोहितांना, घालायचं जेवण. बोलताना रडल्या नाहीत. परत शेंगा फोडायला लागल्या.

"बघते," म्हटलं.

बघते म्हणजे काय बघणार? त्यांना पोराला कुठंतरी पोचवायचंय. मला एक अक्षर टाईप करायचंय. एवढं सोपं असून माझा हात जात नाही. दुःख म्हणून नव्हे. दुःख असतं तर बरं झालं असतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, गालाला हात लावला तर गाल कुणा दुसऱ्याचाच वाटतो, तसं चाललंय दोन वर्षं.

१८ जून, बुधवार

वर्गात नावाआधीच्या अक्षरांवर बोलले. श्री., सौ., कु., पं., कै., लिं. ही अक्षरं नावापेक्षा लहान का असतात, वर का चिकटवतात, कधी कंसात का जातात. 'कै.' तर नेहमी बारीक. मेल्याचं सांगायचं असतं, पण हळू आवाजात.

सुष्मिता म्हणून एक पोरगी आहे, सीमेवरच्या गावातली, पहिल्या बाकावर बसते. शंका विचारल्याशिवाय तिला घास जात नसावा. म्हणाली, "मॅडम, म्हणजे नावाच्या आधी बघितलं की माणूस हयात आहे का नाही ते कळतं?"

"कळतं."

लिहून घेतलं तिनं.

गृहपाठ दिला: तुमच्या घरी खरोखर ऐकलं जातं असं एक कव्हर आणा आणि वर्गासमोर उलगडून दाखवा. इंटरनेटवरचं भारी काहीतरी शोधून आणू नका.

खोलीच्या दाराशी आले तर माझी पाटी. सौ. अवंतिका पट्टणशेट्टी. मागच्या वर्षी रंगवायला पेंटर आला होता, त्यानं चाचरत विचारलं होतं, "मॅडम, म्होरं काय घालू?" आहे तसंच ठेवा म्हटलं होतं. ठेवलंय त्यानं. अक्षर चांगलं आहे त्याचं.

२१ जून, शनिवार

शिवप्रसाद संध्याकाळी दुकानातून आला आणि म्हणाला, "वैनी, तुम्ही अण्णाचं एक चित्र केलं होतं की. काळं-पांढरं. तेच टाकूया कव्हरवर."

ते चित्र नाही म्हणून सांगितलं. नाहीच आहे.

लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी केलं होतं. लिनोवर. लिनो म्हणजे रबरासारखा तक्ता, हत्यारानं कोरायचा, शाई लावायची, वर कागद दाबायचा. कोरलेलं सगळं कागदावर उलटं येतं, डावं उजवीकडं. म्हणून चित्र आधी उलटं करून घ्यायचं. पहिल्या तासाला पोरांना हेच शिकवते. आणि तो समोर गात बसला होता, तशी मी सरळ समोर बघून कोरत गेले. कुठलं उलटं नि कुठलं काय. ठसा काढला तेव्हा कळलं. त्याची एकतारी नेहमी उजव्या हातात, चिपळी डाव्या. कागदावर बरोब्बर उलटं. उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर. आणि कानाखाली हत्यार घसरलं होतं, तिथं कानापासून हनुवटीपर्यंत पांढरा ओरखडा.

फाडायला निघाले तर हातातून ओढून घेतला त्यानं. "मला डावरा केलीस की गं!" हसत सुटला. मग बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "ह्यो मी न्हवंच. ह्यो दुसराच कोणतरी हाय. मला दे."

लिनोला लगेच भेग गेली, टाकून दिला. म्हणजे जगात ठसा एकच. प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यानं गाण्याच्या बॅगेत ठेवला होता. जाईल तिथं बरोबर. बॅग नदीत गेली, तिच्याबरोबर ठसाही.

शिवप्रसादला एवढं सगळं सांगितलं नाही. "ओला होऊन गेला," एवढंच म्हटलं.

२२ जून

अव्वांनी दोनदा विचारलं, झालं का. नाही झालं.

२६ जून, गुरुवार

पहिला मसुदा केला. चित्र नाही, फोटो नाही. गडद हिरवी जमीन, तिच्यावर नुसतं नाव. अक्षरं हातानं काढली. 'सोमशेखर'ची शिरोरेषा एकसंध ठेवली, वरच्या दोन मात्रा थोड्या लांबवल्या. गाताना तो हात वर करायचा ते आठवलं म्हणून नव्हे. रचनेला उंची पाहिजे होती म्हणून.

शिवप्रसादला दाखवलं. त्याला अक्षरं आवडली. मग डोकं तिरकं करून बघायला लागला. "वैनी, नाव मधे न्हाय. उजवीकडं सरकलंय."

"हो."

"डाव्या बाजूला एवढी जागा मोकळी का सोडलीय?"

"श्वास घ्यायला. डिझाइनमध्ये लागते मोकळी जागा."

मान डोलावली त्यानं. मागून अव्वा बघत होत्या. त्या डिझाइन शिकलेल्या नाहीत, पण ती जागा कशाची आहे हे त्यांना लगेच कळलं. माझ्याकडं बघितलं आणि आत गेल्या.

३० जून, सोमवार

हंबीररावांच्या पोत्यातली वारलेल्या गायकांची कव्हरं वेगळी काढली. फोटो गोलात. गोलाभोवती किरण. खाली समई नाहीतर कमळ. आकाश निळं, कडेला ढग. जिवंतपणी त्याच गायकाचं कव्हर बघावं तर हार्मोनियम, गॉगल, मागं मोटार. एकदा मेला की सगळ्यांना एकच ढग. कुणाला गॉगल घालून स्वर्गात जाऊ देत नाहीत.

अक्षरंही बदलतात. आधी जाड, तिरपी, धावणारी. नंतर सरळ उभी आणि बारीक. पोरांना हे दाखवायला चांगलं आहे.

अव्वांच्या समाधानासाठी एका प्रतीवर 'लिं.' घालून बघितलं. रिवाजाप्रमाणं लहान. आता कव्हर मोबाइलवर दिसतं, नखाएवढं. अव्वांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "कुठं हाय? दिसंना झालंय."

"हे काय, इथं."

"ते व्हय? मला वाटलं घाण पडलीय."

ती प्रत पुसून टाकली. म्हटलं, बघते काहीतरी.

४ जुलै

जयसिंगपूरच्या नणंदेचा फोन. "वहिनी, मनाची तयारी झाली का?" मन कुठं आहे ते आधी सापडू दे.

११ जुलै, शुक्रवार

आज दोन वर्षं. कॉलेज. चार तास. संध्याकाळी मेथी निवडली.

१५ जुलै, मंगळवार

नीट लिहायचं. घडलं तसं.

आज पोरांनी आपापली कव्हरं दाखवली. तिसरी पाळी सुष्मिताची. पडद्यावर चित्र आलं. तिनं बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, हे कन्नड आहे. धारवाडला आमच्या मामाकडं ऐकतात, आता घरी पण रोज सकाळी लागतं. गेल्या दिवाळीत आलंय. चित्र लिनोकट आहे. मूळ काळ्या रंगात, वरून कॉम्प्युटरवर पिवळट छटा दिलीय. यातला गायक डावरा आहे. एकतारी डाव्या हातात, चिपळी उजव्या. असं सहसा दिसत नाही, म्हणून नजर थांबते. इथं कानापासून खाली पांढरी रेघ आहे. ती मला वाटतं चित्रकारानं मुद्दाम सोडलीय, गालावर उजेड दाखवायला."

मी म्हटलं, "मुद्दाम नाही. हत्यार घसरलंय."

"तुम्हाला कसं कळलं, मॅडम?"

"कळतं. पुढं बोल."

पुढं बोलली. कन्नड अक्षरं गोल आहेत, तयार फॉन्टमधली, चित्रातल्या कापलेल्या कडांशी त्यांचं जमत नाही. म्हणजे चित्र एकाचं, अक्षरं दुसऱ्याची, दोघं एकमेकांना ओळखत नसणार. सगळं बरोबर बोलत होती. मग शेवटी, "आणि नावाच्या आधी श्री आहे. म्हणजे तुम्ही सांगितल्याप्रमाणं गायक हयात आहे."

वर्ग हसला. सुष्मिता पण हसली.

मी तिला दहापैकी नऊ दिले. नंतर चौथा मुलगा आला, त्याच्यानंतर पाचवा. सगळ्यांचं ऐकलं. सगळ्यांना मार्क दिले. बसनं घरी आले.

१६ जुलै, बुधवार

रजा टाकली. अव्वांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

सुष्मिताकडून ते कव्हर मागवून घेतलं. मोठं करून बघितलं. तीळ डाव्या गालावर. एकतारीच्या भोपळ्यावर मी तीन रेघा मारल्या होत्या, चौथी अर्धवट सोडली होती. अर्धवटच आहे. ओरखडा आहे.

कुणाला तरी बॅग सापडली असेल, हे पहिल्यांदा मनात आलं. नदी तिकडंच जाते, कर्नाटकात. पण पाण्यात राहिलेला कागद मी ओळखते. दोन हजार एकोणीसच्या पुरात कॉलेजचं तळघर बुडालं तेव्हा शेकडो ठसे मी स्वतः दोरीवर वाळत घातलेत. कागद फुगतो, कडा लाटेसारख्या होतात, तपकिरी डाग पडतात. पिशवीत असला तरी ओल शिरतेच. ह्या कागदाला कसलाही डाग नाही. कोपरे तेवढे मळलेत, हाताळून हाताळून.

म्हणजे कागद पाण्यात गेलाच नाही. म्हणजे बॅग गेली नाही. म्हणजे तोही गेला नाही. त्यानं पुलावर गाडी लावली, शेजारी चपला काढून ठेवल्या, बॅग घेतली आणि चालायला लागला. अनवाणी का दुसऱ्या चपला होत्या, कोण जाणे.

गाणं लावून बघितलं नाही. गरज वाटली नाही. वांग्याचं भरीत केलं.

१७ जुलै, गुरुवार

अव्वांना फोन दाखवला. कन्नड वाचून घ्यायचं होतं म्हणून. खोटं कशाला लिहू, एकटीला झेपत नव्हतं म्हणून.

चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं. "श्री... मल्लिनाथ. धारवाड. कोन ह्यो?"

मी गाणं लावलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. शब्द सुरू व्हायच्या आधी तो घसा साफ केल्यासारखा एक हुंकार द्यायचा. तेवढ्यावरच अव्वा खाली बसल्या.

"माझं लेकरू हाय ह्ये."

मग रडल्या, मग हसल्या, मग परत रडल्या. मी पाणी दिलं. उठून स्टुलावर चढायला लागल्या, मी धरलं, तर भिंतीवरच्या त्याच्या फोटोचा हार काढून मला म्हणाल्या, "फेक ह्यो." बहात्तर वर्षांची बाई, भिंतीला हात टेकत स्वयंपाकघरात गेली आणि गहू काढून हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, तयारी करायला लागली. दिवाळीलाच करतात एरवी.

गूळ चिरता चिरता एकदम थांबल्या. "आवंती, ते लिं. काढ. आधी काढ ते."

"परत घातलंच नव्हतं अव्वा. ती जागा मोकळीच आहे."

जवळ येऊन दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. हाताला गूळ लागलेला होता. "शाणी माझी बाय ती. तुला ठावं हुतं."

मला काही ठाऊक नव्हतं. पण त्या एवढ्या खूश होत्या की बोलले नाही.

१९ जुलै, शनिवार

गाण्याखाली कार्यक्रमासाठी संपर्क म्हणून नंबर दिलाय. शिवप्रसादनं लावला. फोन स्पीकरवर, टेबलाच्या मधे. अव्वा नवं लुगडं नेसून बसलेल्या, व्हिडिओ कॉल असल्यासारख्या.

उचलला. पलीकडून, "हलो?"

तोच. मी दोन वर्षांत त्याची गाणी ऐकली नाहीत, पण एक हलो पुरला.

"अण्णा, मी शिवा बोलतोय. अव्वा शेजारी बसलीय. वैनी पण हाईत. अण्णा, ऐकू येतंय का?"

पलीकडं गप्प. फोन कट झाला नव्हता. मागं कुकरची शिट्टी झाली, आणि एक बाई काहीतरी म्हणाली, घरातल्या माणसाला म्हणतात तशी. अव्वा फोनजवळ वाकल्या. "सोमू, बाळा, बोल की रं. काय बी म्हणणार न्हाय तुला. नुसतं बोल."

मग एकदम शांत, गोड आवाजात, परक्या माणसाला लावतात तसं कन्नड आदराचं 'री' लावून, "राँग नंबर री."

कट.

शिवप्रसादनं परत लावला. बंद. परत बंद. त्यानं फोन आपटला, गाडीची किल्ली घेतली. "आत्ताच्या आत्ता धारवाडला जातो. कॉलर धरून आणतो."

अव्वा म्हणाल्या, "खाली बस."

"अगं अव्वा —"

"कोन कुठं जायाचं न्हाय. त्यो म्हणला न्हवं राँग नंबर? मग राँग नंबर." उठल्या, आजही शिजायला ठेवलेल्या हुग्गीखालचा गॅस बंद केला, आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपल्या. लुगडं तसंच.

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला. आणि राग आला. एवढा राग की बादलीला लाथ मारली, अंगठा सुजलाय. पुलावर चपला मांडताना ह्या माणसानं त्या नीट जोडीनं ठेवल्या होत्या. पोलिसांनी फोटो दाखवला होता मला. जोडीनं, टाचा एका रेषेत. म्हातारी दोन वर्षं त्या नदीच्या पाण्याला हात जोडत होती. आणि मी पाटीवर सौ. ठेवून बसले होते. अंगठा ठणकतोय. ठणकू दे. दुखतंय हे तरी कळतंय.

२० जुलै, रविवार

हुग्गी कुणी खाल्ली नाही. गल्लीतल्या गाईला घातली.

दुपारी मठातून फोन आला, सोमवारी पंगतीला किती पानं धरायची. मी फोन अव्वांना दिला. त्या म्हणाल्या, "ठरल्याली तेवढीच."

मी बघितलं त्यांच्याकडं. त्यांनी बघितलं नाही.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी उठले तर फोटोला हार. ताजा, शेवंतीचा. अव्वाच बाजारात जाऊन आल्या होत्या.

लॅपटॉप उघडला. नावाच्या डाव्या बाजूच्या जागेत 'लिं.' घातलं. हात थांबला नाही. लहान नाही ठेवलं, वर चिकटवलं नाही. नावाएवढंच.

अव्वा चष्मा लावून मागं येऊन उभ्या राहिल्या.

"बारीक दिसतंय," म्हणाल्या. "ठळक कर."

केलं.